पतसंस्थेतला पालक

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात कराडच्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "साहेब, तुम्ही शेतीचे पदवीधर. आमच्या हॉलमध्ये मातीशिवाय भाजीची बाग करायची आहे. चेअरमनसाहेबांनी कुठल्याशा प्रदर्शनात पाहिली. एकदा येऊन बघून जा." माझ्याबरोबर बैठकीच्या पत्रिका वाटत फिरणारे आमचे तात्या शेजारीच बसले होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "आता पालक बी एसीत बसणार. आपण मातूर उन्हातच मरायचं."

तात्यांसारखे हसून सोडून द्यावे असे मलाही वाटले होते. तरी गेलो आणि वर्षभर जात राहिलो. जे पाहिले ते इथे लिहितो, कारण अशी बाग ही आता नुसती शोभेची वस्तू राहिलेली नाही. कराडला तिच्या शेजारच्या टेबलावर कर्जाचा छापील अर्ज ठेवलेला होता.

मातीशिवाय झाड वाढते ही गोष्ट जुनी आहे. जर्मनीत झाक्स आणि क्नोप यांनी 1860 च्या दशकात पाण्यात क्षार विरघळवून त्यावर रोपे वाढवून दाखवली. झाडाला कोणती मूलद्रव्ये लागतात म्हणून कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आम्ही जे पाठ केले, त्याचा मोठा भाग त्या बाटल्यांतून आलेला आहे. अमेरिकेत बर्कलीच्या गेरिके यांनी 1930 च्या सुमारास बाटलीचा हौद केला, त्यात टोमॅटो काढले, आणि 1937 साली या प्रकाराला हायड्रोपोनिक्स हे नाव मिळाले. आपल्या देशात हे 1946 साली बंगालमध्ये कालिंपाँगला आले. शोल्टो डग्लस नावाच्या इंग्रजाने तिथे प्रयोग केले आणि पुढे 1951 साली 'बंगाल पद्धत' म्हणून त्यावर पुस्तक लिहिले. या माणसाचे मला कौतुक वाटते. वीज नाही, पंप नाही, प्रयोगशाळा नाही, अशा माणसाला हे जमले पाहिजे हा त्याचा हट्ट होता. उथळ हौद, त्यात दगडाची बारीक खडी आणि जाड वाळू, वरून कोरडे खत मोजून फिसकटायचे आणि झारीने पाणी घालायचे. संपली पद्धत. आज जे विकायला येते त्यात पंप, दिवे, टायमर, मीटर आणि मोबाइलवरचे ॲप असते. डग्लसचा हौद कोणी विकत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही.

आपल्या भागाला तर हे शास्त्र परके नाहीच. तासगाव, मिरज, पलूसचा द्राक्षबागायतदार ठिबकातून काय सोडतो? कॅल्शियम नायट्रेट, 13:0:45, 0:52:34, मॅग्नेशियम सल्फेट, चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्ये. हीच ती हायड्रोपोनिक्सची बाटली. वाळवा-कराडात उसाची रोपे कोकोपीटच्या ट्रेमध्ये होतात, जरबेराच्या शेडमध्ये झाड कोकोपीटच्या कुंडीत उभे असते. त्यामुळे पतसंस्थेत ज्या विक्रेत्याने 'परदेशी तंत्रज्ञान' म्हणून तासभर भाषण दिले, त्याला मी एवढेच विचारले की तुमच्या 'ए' आणि 'बी' बाटलीत काय आहे. तो म्हणाला, ते कंपनीचे गुपित आहे. बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली तर वरचीच नावे होती. भाव मात्र आपल्या कृषी सेवा केंद्रापेक्षा कितीतरी पट होता.

सांगाडा 72 छिद्रांचा, किंमत 28,000 रुपये. आडवे पांढरे पाइप, त्यातून पाण्याचा पातळ थर फिरवणारी छोटी मोटर, खाली टाकी, वर दिवे. हॉलच्या मधोमध, कॅशिअरच्या खिडकीसमोर उभा केला. माझे म्हणणे होते की गॅलरीत ठेवा. चेअरमनसाहेबांचे म्हणणे, गॅलरीत कोण बघणार?

पहिली चूक खताच्या पाण्यात झाली. संस्थेतल्या एका हौशी कारकुनाने सगळी खते एकाच बादलीत घट्ट कालवून ठेवली. सकाळी बादलीच्या तळाला पांढरा गाळ. घट्ट द्रावणात कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट, फॉस्फेट एकत्र आले की गाळ धरतो, मग तो मुळाला मिळत नाही. म्हणून तर विक्रेत्याच्या दोन बाटल्या वेगळ्या असतात. गुपित असेल तर ते एवढेच. दुसऱ्या वेळी त्याच भल्या माणसाने आपल्या शेतातले 19:19:19 आणून टाकले. रोपे पिवळी पडली. 19:19:19 मधले निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते. जमिनीत जिवाणू त्याचे रूपांतर करून देतात, झाड ते घेते. या पाइपात माती नाही, म्हणून ते जिवाणूही जवळपास नाहीत. आपण ज्या मातीला फुकट समजतो ती काय काम करत असते, हे त्या पिवळ्या पानांकडे बघून त्या कारकुनाला कळले. मला वाटते ऑफिसातल्या बागेचा हा सगळ्यांत मोठा फायदा. माती काढून घेतली की तिचे एकेक काम तुम्हाला स्वतः करावे लागते, आणि मग तिची किंमत कळते.

ज्यांना करून बघायचे आहे त्यांच्यासाठी प्रमाण देऊन ठेवतो. दहा लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट 7 ग्रॅम, 13:0:45 चे 4 ग्रॅम, 0:52:34 दीड ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 3 ग्रॅम आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांची चिमूट. कॅल्शियम वेगळ्या भांड्यात विरघळवून भरपूर पाण्यात शेवटी घालायचे. पालेभाजीला एवढे पुरते. सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असावा, ईसी दीड-पावणेदोनच्या आसपास. कराडचे नळाचे पाणी नदीचे, मऊ, तिथे अडचण आली नाही. पण इस्लामपूर किंवा मिरजेकडे बोअरच्या खाऱ्या पाण्यावर हाच प्रकार केला तर पाण्याचाच ईसी आधी मोजून घ्या. उसाला बेसुमार पाणी देऊन कृष्णाकाठची जमीन आपण कशी खारवली ते सांगायला नको. तेच खारे पाणी पाइपात फिरवून पालक गोड होत नाही. मग आरओ बसवा म्हणतात. लहान आरओ एक लिटर चांगल्या पाण्यामागे त्याहून जास्त पाणी गटारात सोडतो. माहितीपत्रकात मात्र '90 टक्के पाण्याची बचत' तशीच छापलेली राहते. ज्या मिरजेहून 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी गेले, त्या भागात तरी पाण्याचा हिशेब अर्धा मांडू नये.

जुलैत खरा अपघात झाला. चौथा शनिवार, रविवार आणि सोमवारी सुट्टी. शुक्रवारी संध्याकाळी राखणदाराने रोजच्या शिस्तीने मेन स्विच खाली केला. त्याची काही चूक नव्हती, संस्था बंद करताना मेन बंद करायचा हा नियमच होता. मोटर थांबली, पाइपातला पाण्याचा थर दोन-तीन तासांत ओसरला. मंगळवारी सकाळी 72 रोपे ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. व्यवस्थापक मला म्हणाले, "साहेब, तीन दिवसांत मेली हो!" शेतातला पालक तीन दिवस पाणी नसले म्हणून मरत नाही. मातीत ओल धरून ठेवायची ताकद असते. इथे ती ताकद मोटरमध्ये होती आणि मोटर स्विचमध्ये.

ऑफिसात बाग करायची म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आता पहिला प्रश्न विचारतो: दिवाळीच्या सुट्टीत कोण येणार? उत्तर नसेल तर पाइपाच्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांची पद्धत बरी. झाकणाचा खोल टब घ्यायचा, झाकणाला भोके पाडून त्यात रोपे अडकवायची आणि खताचे पाणी एकदाच भरायचे. पाणी जसजसे कमी होते तसतशी वरची मुळे हवेत मोकळी राहतात आणि खालची पाण्यात. मोटर नाही, काही नाही. टब बाहेरून काळा रंगवायचा, म्हणजे शेवाळ धरत नाही, आणि झाकण घट्ट ठेवायचे, म्हणजे डास होत नाहीत. डेंग्यूच्या दिवसांत नगरपालिकेचा माणूस टाक्या तपासायला येतो तेव्हा पतसंस्थेच्या हॉलमध्ये अळ्या सापडणे बरे दिसत नाही. उरलेले पाणी बेसिनमध्ये ओतू नये, अंगणातल्या झाडाला घालावे. त्यात आपण पैसे मोजलेले खत असते.

आता उजेडाचे. पतसंस्थेचा हॉल आपल्या डोळ्यांना लख्ख वाटतो, पण अशा खोलीत तीनशे-पाचशे लक्स उजेड असतो. बाहेर दुपारच्या उन्हात तोच एक लाखाच्या घरात जातो. पालेभाजीला निदान दहा-पंधरा हजार तरी हवा. ही तूट दिव्यांनी भरून काढायची म्हणजे काय, ते वीजबिल सांगते. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्या प्रयोग परिवारात आपल्याकडचे कितीतरी द्राक्षबागायतदार शिकून तयार झाले. त्यांचा सगळा जोर पानावर पडणाऱ्या उन्हाच्या हिशेबावर असे. किती चौरस फूट हिरवे पान, त्यावर किती तास ऊन, त्यातून किती वजन. शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या न मोजता मिळालेली ही एकच गोष्ट आहे, आणि हॉलमध्ये बाग करणारा तिच्यावर पडदा ओढून तीच वीज मंडळाकडून विकत घेतो.

याच दाभोलकरांच्या विचाराची एक शाखा मुंबईत गेली आणि तिथे कामाच्या ठिकाणची बाग कशी असावी याचा धडा उभा राहिला. डॉ. आर. टी. दोशी यांनी मुंबईच्या गच्च्यांवर उसाची चिपाडे भरून त्यात भाजी आणि झाडे वाढवायचे तंत्र बसवले. त्यात मातीचे काम अगदी नावापुरते असते. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, 2002-03 च्या सुमारास, तिथल्या कॅटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी सुमारे तीन हजार चौरस फुटांत बाग उभी केली. त्या स्वयंपाकघरातून रोज तीनेक हजार कामगारांचे जेवण जात असे. भाजीची देठे, साली, उरलेसुरले हे सगळे फेकायला जायचे. ते गच्चीवर कुजवून त्यावरच भाजीपाला आणि फळझाडेही घेतली. ऊन फुकट, खत स्वयंपाकघरातले, माणसे तिथलीच. नोकरी सांभाळून फावल्या वेळात केलेली ही बाग टिकली आणि तिथून शिकून लोकांनी आपापल्या गच्च्यांवर बागा केल्या.

मुंबईत बंदराच्या गच्चीवर जे जमते ते आपल्याला जमू नये? उसाच्या चिपाडांचे ढीग आपल्याकडे, रसवंत्या आपल्याकडे, कारखाने आपल्याकडे. कराडच्या पतसंस्थेला मी हे सांगितले तेव्हा एका संचालकांनी तोंड वाकडे केले: "चिपाडं आणून हॉलची शोभा घालवायची का?" बरोबर आहे. शेतातून जे आले ते कचरा, पेटीतून जे आले ते तंत्रज्ञान.

ऑगस्टमध्ये नवी रोपे लावली. मेन स्विचवर 'मोटर चालू ठेवणे' अशी चिठ्ठी चिकटवली. संस्थेचे शिपाई, त्यांना सगळे मामा म्हणतात, रोज सकाळी वीस मिनिटे सांगाड्यापाशी घालवू लागले. टाकी भरणे, पिवळी पाने काढणे, मुळे पाइपात अडकली की सोडवणे. मामांची स्वतःची ओगलेवाडीकडे एकवीस गुंठे जिरायती आहे, त्यामुळे हात सवयीचा. ऑक्टोबरात बाग खरेच देखणी झाली. महिन्याला साडेपाच किलो पालक निघाला, तोवरचा सर्वांत चांगला महिना. वाटणी झाली, फोटो निघाले. चेअरमनसाहेबांनी मला विचारले, "मग काय म्हणता?" मी म्हणालो, हिशेब मांडू या.

हिशेब मांडायला बसलो आणि गंमत झाली. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग शेतमालाचा खर्च काढताना ज्या पायऱ्या करतो, त्या तशाच लावल्या. पहिली पायरी खिशातून गेलेला पैसा. सांगाडा पाच वर्षे टिकेल असे धरले तर महिन्याला 467 रुपये. दिवे शंभर वॅटचे, रोज चौदा तास, म्हणजे महिन्याला 42 युनिट. मोटर अठरा वॅटची, चोवीस तास, म्हणजे 13 युनिट. एकूण 55 युनिट, युनिटला दहा रुपये धरले तर 550. खत आणि बी 150. बेरीज 1,167 रुपये. साडेपाच किलोने भागले की किलोला 212.

दुसरी पायरी श्रमाची. मामांचा पगार 15,000, म्हणजे तासाला 72 रुपये. रोज वीस मिनिटे, सव्वीस दिवस, सुमारे 625 रुपये. इथे व्यवस्थापक मध्येच म्हणाले, "ते कशाला धरायचं? मामा तर पगारी माणूसच आहे. त्याला वेगळं कुठं काय दिलं?"

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले आहे. पालकाला हमीभावच नाही, पण ज्याला आहे त्या उसाच्या, सोयाबीनच्या, ज्वारीच्या शेतातली घरची बाई, घरचा पोरगा, म्हातारा बाप, हे सगळे 'घरचेच' असतात, त्यांना वेगळे कुठे काय दिले? म्हणून त्यांचे श्रम धरायचे नाहीत किंवा अर्धे धरायचे. आयोगाच्या भाषेत याला एफएल म्हणतात, घरच्या माणसांची मजुरी. पतसंस्थेत मामा म्हणजे ते एफएल. त्यांची वीस मिनिटे हिशेबात धरायची म्हटल्यावर एका शिकलेल्या, व्याजाचे पैसे दिवसाच्या हिशेबाने मोजणाऱ्या माणसाला ते जड गेले. मामा दारात उभे होते. काही बोलले नाहीत, पण हसले.

श्रम धरले आणि किलोला 326 झाले. तिसरी पायरी सी-2 ची, जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज. सांगाड्याने अडवलेली जागा बारा चौरस फूट, त्या इमारतीत चौरस फुटाला महिना 40 रुपये भाडे, म्हणून 480. 28,000 वर बारा टक्क्यांनी महिन्याचे व्याज 280. हा दर मी नाही काढला, संस्थेचाच आहे. सगळे मिळून 2,552 रुपये, किलोला 464.

त्या आठवड्यात मी मंडईतून पालकाची पेंडी 10 रुपयांना घेतली होती. पाव किलो भरली, म्हणजे किलोला 40. विकणाऱ्या मावशींना ती शेतकऱ्याकडून 5 रुपयांना पडली होती.

हा हिशेब मी बागेची टिंगल करायला मांडला नाही. उलट मी व्यवस्थापकांना सुचवले की हा तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून सांगाड्याशेजारी लावा. भाजी महाग झाली म्हणून ज्या ज्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ओरड होते, तिथे तिथे एक अशी बाग असावी आणि तिच्याशेजारी असा तक्ता असावा, असे माझे मत आहे. टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा तो जास्त शिकवेल. ऑफिसातली माणसे वाईट नसतात. त्यांनी कधी पालक पिकवून विकलेला नसतो, एवढेच. त्या संस्थेतल्या वसुली विभागातल्या एका बाई मला म्हणाल्या, "आमच्या सासूबाई शेतात जातात, त्यांचे दिवस आम्ही कधी मोजलेच नाहीत." मी गप्प बसलो. माझ्या आईचेही मी कॉलेज संपेपर्यंत मोजले नव्हते.

तक्ता लागला नाही. चेअरमनसाहेब म्हणाले, सभासदांवर वाईट परिणाम होईल.

वाईट परिणाम कशावर, ते पुढच्या महिन्यात कळले. खटाव तालुक्यातला एक तरुण, बी.ए. झालेला, तिथे मला भेटला. दोन एकर जमीन, त्यातली निम्मी माळ. हातात तोच रंगीत कागद. 'मातीशिवाय शेती, दहा गुंठ्यांत लाखोंचे उत्पन्न, माल आम्ही उचलू.' संस्था कर्ज देणार, सातबारावर बोजा चढणार, कंपनी शेड उभारून देणार आणि माल परत घेणार. हॉलमधला हिरवागार सांगाडा बघून त्याला खात्री पटली होती. "सर, डोळ्यांनी बघितलंय की. इथं येतंय तर आमच्यात का नाही येणार?"

येईल. पालक येतोच. प्रश्न तो किलोला कितीला पडतो आणि कोण घेतो हा आहे. 'माल आम्ही उचलू' हे वाक्य आपल्या जिल्ह्यांत नवीन नाही. 2019 साली इस्लामपुरात कडकनाथ कोंबड्यांचा फुगा फुटला तेव्हा पिल्ले, खाद्य, अंडी आणि कोंबड्या परत घेण्याची हमी, सगळे कागदावर होते. त्याच्या आधी इमूचे झाले. दर वेळी पक्षी खरा होता. खोटा होता तो गिऱ्हाईक. हायड्रोपोनिक्सही खरे आहे. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांशी ज्याचा स्वतःचा पक्का व्यवहार आहे, ज्याच्याकडे चोवीस तास वीज आणि गोडे पाणी आहे, त्याला लेट्यूस किंवा तुळशीच्या परदेशी जातीत पैसा मिळू शकतो. महाबळेश्वर-पाचगणीची हवा असेल तर आणखी बरे. पण तो पैसा गिऱ्हाइकाच्या जवळिकीचा असतो. पाइप विकत घेऊन ती जवळीक विकत मिळत नाही.

त्याला मी 2012-13 च्या दुष्काळातली गोष्ट सांगितली. माण-खटाव-आटपाडीला जनावरे छावणीत होती आणि गावोगावी ट्रेमधल्या हायड्रोपोनिक चाऱ्याची प्रात्यक्षिके चालली होती. एक किलो मका भिजवा, आठ-दहा दिवसांत सात किलो हिरवा चारा. लोक टाळ्या वाजवायचे. मीही सुरुवातीला वाजवल्या. मग एका शेतकऱ्याच्या घरी तो चारा वाळवून तोलला. एक किलो मक्यात कोरडा भाग साधारण 880 ग्रॅम. सात किलो चाऱ्यात शंभराला बारा धरला तर 840 ग्रॅम. वाढले होते ते पाणी. जनावराला हिरवे तोंडी लागते, थोडे पचायला सोपे होते, एवढा फायदा आहे. मी तो नाकारत नाही. पण पोट भरायला गेलेल्या मक्यापेक्षा जास्त काहीही त्या ट्रेमध्ये तयार झालेले नव्हते. सातपट म्हणून सांगणाऱ्याने खोटे सांगितले नव्हते, फक्त कोरडे वजन सांगितले नव्हते.

पोरगा ऐकून घेत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर राग होता. शेवटी म्हणाला, "सर, तुम्ही लोक आम्हाला नवीन काही करूच देत नाही." हा वार माझ्या वर्मी लागला. नव्या तंत्रज्ञानाला भिणाऱ्यांत मी कधी नव्हतो आणि आजही नाही. शेतकऱ्याला जे तंत्र वापरावेसे वाटेल ते वापरायची त्याला मोकळीक असली पाहिजे. त्याने ते आपल्या पैशाने, आपल्या मापाने, आधी एका गुंठ्यात करून बघावे, आणि विकणाऱ्याने सगळ्या पायऱ्यांचा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा. एवढी अट घालणे म्हणजे अडवणे असेल, तर मी अडवतो. त्याला मी कोकोपीटच्या ट्रेमध्ये उसाच्या आणि भाजीच्या रोपांची छोटी रोपवाटिका सुचवली, कारण तिथे गिऱ्हाईक गावातलेच असते. त्याने काय ठरवले ते मला अजून कळलेले नाही. दोन वेळा फोन केला, उचलला नाही.

पतसंस्थेची बाग अजून आहे. जानेवारीत मोटर जळाली. नवी आणायला संचालक मंडळाची मंजुरी लागणार होती, म्हणून सांगाडा तसाच पडला. मग मामांनी आणि त्या वसुलीच्या बाईंनी माझ्याकडून टब पद्धत समजून घेतली. चार काळे टब, दोन डग्लसच्या पद्धतीचे खडी-वाळूचे हौद, दक्षिणेच्या गॅलरीत, उन्हात. टब-हौदांना मिळून दीड हजार लागले, ते पाच वर्षांनी भागले तर महिन्याला 25 रुपये. खत-बी 100. मामांची रोजची पंधरा मिनिटे, 468 रुपये. महिन्याला चार किलो भाजी निघते, पालक, कोथिंबीर, थोडा पुदिना. जागेचे भाडे आणि व्याज सोडले तर किलोला दीडशेच्या आत पडते. त्यातले शंभराहून जास्त मामांच्या वेळेचे आहेत. बाजारापेक्षा महागच.

तक्ता मात्र आता लागला आहे. हॉलमध्ये नाही, गॅलरीच्या दाराला आतून, वहीच्या कागदावर मामांच्या अक्षरात. वरची ओळ 'मजुरी' अशी आहे आणि तिच्याखाली रेघ मारली आहे. पुढच्या जिल्हा बैठकीला त्याची नक्कल घेऊन येतो. ज्यांना आपल्या गावच्या सोसायटीत, दूध डेअरीत, शाळेत असे दोन टब मांडून बघायचे आहेत, त्यांनी येताना आपल्या बोअरच्या पाण्याची बाटली आणावी, मीटर माझ्याकडे आहे.